काटा ३०वर स्थिर, तरी बसला त्वरण कसं? एसटी, साखर कारखाना आणि उसाच्या ट्रॉलीतून समजून घ्या

नगरहून पाथर्डीकडे निघालेली एसटी करंजी घाटातून जात आहे. समजा, एका वळणावर स्पीडोमीटरचा काटा ताशी ३० किलोमीटरवरून जराही हलला नाही. तरीही बस डावीकडे वळताच बाकावरचे सगळे उजवीकडे सरकतात आणि शेजारच्यावर रेलतात. बसची गती वाढली नाही, कमीही झाली नाही. मग हे काय झालं?

त्या वळणावर बसला त्वरण होतं. ‘त्वरण म्हणजे गाडी पळवणं’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे हे उत्तर विचित्र वाटतं. पण ते बरोबर आहे.

चाल आणि वेग यांत फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘वेग’ म्हणतो. बालभारतीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातला ‘गतीचे नियम’ हा धडा मात्र दोन शब्द वेगळे ठेवतो. गाडी किती जोरात जाते, एवढंच सांगते ती चाल. किती जोरात आणि कोणत्या दिशेने, हे दोन्ही सांगतो तो वेग. स्पीडोमीटर फक्त चाल दाखवतो. दिशेचं त्याला काहीच कळत नाही.

आजच्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे-अहमदनगर याच मार्गावर. हे अंतर साधारण १२० किलोमीटर. एखाद्या बसने ते तीन तासांत कापलं, तर तिची सरासरी चाल ताशी ४० किलोमीटर. तीच बस तितक्याच वेळात परत येऊन नगरच्या त्याच स्टँडवर उभी राहिली, तर पूर्ण फेरीची सरासरी चाल ४०च राहते. सरासरी वेग मात्र शून्य होतो. कारण निघाली तिथेच ती परत आली, म्हणजे विस्थापन शून्य. सहा तास अंग आंबवून आलेल्या प्रवाशाला हे पटणार नाही, पण हिशेब तसाच आहे.

मग त्वरण म्हणजे काय?

वेग किती झपाट्याने बदलतो, ते त्वरण. इथे शब्द ‘वेग’ आहे, ‘चाल’ नाही. सगळी मेख इथेच आहे. वेगात दिशाही येते, त्यामुळे नुसती दिशा बदलली तरी वेग बदलतो, आणि वेग बदलला की त्वरण आलंच.

स्टँडवरून सुटलेल्या बसने १० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर चाल गाठली, तर तिचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका वाढला. म्हणून त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुढे म्हैस आडवी आली आणि बस ४ सेकंदांत थांबली, तर त्वरण २.५, पण उलट दिशेने. यालाच मंदन म्हणतात.

थोडक्यात, त्वरण गतीच्याच दिशेने असेल तर चाल वाढते, उलट दिशेने असेल तर घटते. आणि गतीला काटकोनात असेल, तर चाल तेवढीच राहून फक्त दिशा वळते. घाटातल्या बसचं त्वरण या तिसऱ्या प्रकारचं, वळणाच्या केंद्राकडे रोखलेलं. बस डावीकडे वळते, प्रवाशाचं शरीर मात्र सरळच जाऊ पाहतं. म्हणून आपण बाहेर फेकले जातोय असं वाटतं. प्रत्यक्षात बाक आणि शेजारी मिळून आपल्याला आत ढकलत असतात.

परीक्षेत हमखास चुकणारी एक गोष्ट. ‘ऋण त्वरण म्हणजे गाडी हळू होणं’ हे नेहमीच खरं नसतं. पुढची दिशा धन धरली आणि बस रिव्हर्समध्ये जोर पकडू लागली, तर चाल वाढत असूनही त्वरण ऋण येतं. चिन्ह फक्त दिशा सांगतं.

साखर कारखान्यातलं त्वरण

नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यात १९५०-५१च्या हंगामात गाळप सुरू झालं. आज जिल्ह्यात अनेक कारखाने आहेत आणि साखर मळीपासून वेगळी होते ती याच काटकोनातल्या त्वरणामुळे. आटवलेल्या रसात साखरेचे दाणे आणि मळी एकत्र असतात. हे घट्ट मिश्रण सेंट्रिफ्युगल मशीनच्या जाळीदार पिंपात गरगर फिरवतात. जाळी दाण्यांना अडवते आणि सतत केंद्राकडे वळवत राहते. मळीला तसा अडसर नसतो, ती छिद्रांतून बाहेर निघून जाते.

हिशेबासाठी पिंपाची त्रिज्या अर्धा मीटर आणि मिनिटाला १,००० फेरे धरू. कडेच्या दाण्याची चाल ताशी साधारण १८८ किलोमीटर येते आणि ती एकसारखीच राहते. त्वरण मात्र सुमारे ५,५०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या जवळपास ५६० पट!

ट्रॉली वळणावर का उलटते?

वळणावरचं त्वरण काढायचं तर चालीचा वर्ग करून त्याला वळणाच्या त्रिज्येने भागायचं. यातला ‘वर्ग’ हा शब्द गाळप हंगामात महागात पडू शकतो.

१५ मीटर त्रिज्येच्या वळणावर उसाची ट्रॉली ताशी १५ किलोमीटरने वळली, तर त्वरण १.२च्या आसपास. ताशी ३०ने वळली तर ते दुप्पट नाही, चौपट होतं, म्हणजे ४.६. आता ट्रॉलीच्या दोन बाजूंच्या चाकांतलं अंतर १.८ मीटर आणि उसाच्या थरांमुळे गुरुत्वमध्यही जमिनीपासून १.८ मीटर उंच धरला, तर ४.९ला आतली चाकं उचलली जातात. मधली फट फारच थोडी. बाहेरचं चाक खचलेल्या साइडपट्टीवर गेलं किंवा ऊस एका बाजूला कलला, तर तेवढीही उरत नाही.

या हिशेबात ट्रॉलीचं वजन कुठेच येत नाही. येते ती उंची. तेवढाच ऊस कमी उंचीत, पसरून भरला तर तीच ट्रॉली त्याच वळणावर जास्त चाल सोसते.

ब्रेक कधी लावायचा, याचंही उत्तर इथेच आहे. टायरची रस्त्यावरची पकड मर्यादित असते. वळणात असताना ब्रेक दाबला, तर वळवण्याचं आणि चाल कमी करण्याचं अशी दोन्ही त्वरणं त्याच पकडीतून मिळवावी लागतात. त्यामुळे चाल कमी करायची ती वळण सुरू होण्याआधी, रस्ता सरळ असतानाच.