सांगू नये असा आकडा : 'द प्रिझनर' मालिकेचा संगणकीय खेळ
गुप्तहेराचे कौशल्य बातमी आणण्यात असते, असा सर्वसाधारण समज आहे. सभासद बखरीत जासुदांचा नाईक म्हणून येणारा बहिर्जी लोकस्मरणात राहिला तो याच कारणाने. मात्र शत्रूच्या हाती सापडलेल्या हेराची परीक्षा नेमकी उलटी असते. ठाऊक असलेली गोष्ट त्याला ओठांवर येऊ द्यायची नसते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या परभणीच्या वाचकास भूमिगत कार्यकर्ते आणि लपवलेली नावे हा विषय परका वाटू नये.

या उलट्या परीक्षेवर ब्रिटनमध्ये एक दूरचित्रवाणी मालिका झाली : 'द प्रिझनर'. १९६७-६८ मध्ये तिचे अवघे १७ भाग प्रसारित झाले. पॅट्रिक मॅकगूहन यांनी रंगवलेला नायक हेरखात्याचा राजीनामा देतो, बेशुद्ध केला जातो आणि एका देखण्या गावात जागा होतो. (चित्रीकरण वेल्समधील पोर्टमेरियन येथे झाले.) तेथे कोणालाही नाव नाही, फक्त क्रमांक आहेत. नायक क्रमांक सहा. त्याला पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न एकच : राजीनामा का दिलास?

पुढे १९८० साली अमेरिकेतील एज्यु-वेअर या छोट्या कंपनीसाठी डेव्हिड मलिच यांनी ॲपल टू संगणकावर याच नावाचा खेळ लिहिला. भारतात तेव्हा दूरचित्रवाणीदेखील कृष्णधवल होती! मालिकेतले गाव खेळात 'बेट' झाले. प्रारंभी खेळाडूला तीन अंकी संख्या मिळते. तोच त्याच्या राजीनाम्याचा संकेत. तो कुणालाही कळू द्यायचा नाही, बस. आणि तो काढून घेण्यासाठी खेळ मिळेल ती वाट चोखाळतो.

त्यांपैकी एक वाट अशी. त्या काळी बेसिक भाषेतील आज्ञावलीच्या प्रत्येक ओळीला क्रमांक असे. चूक घडली की अमुक क्रमांकाच्या ओळीत दोष आहे, असा संदेश पडद्यावर उमटे, आणि जाणकार माणूस 'लिस्ट' लिहून पुढे तो क्रमांक टंकित करी. हे हाताला इतके सवयीचे होते की त्यात विचार करावा लागत नसे. मलिच यांनी नेमका याचाच फायदा घेतला. मध्येच खेळ बंद पडल्याचा आभास होतो, दोषाचा संदेश येतो, आणि त्यातला ओळ क्रमांक म्हणजे खेळाडूचाच गुप्त संकेत असतो. सवयीने 'लिस्ट' आणि तो आकडा टंकित केला, की गुपित फुटले. खेळ बंद पडलेलाच नव्हता.

येथे माध्यमांतराचा खरा अर्थ उमगतो. 'मिशन इम्पॉसिबल' या मालिकेवर १९९० मध्ये कोनामीने खेळ काढला. त्यात पात्रे बदलून खेळण्याची सोय होती, पण पाठलाग आणि गोळीबार हाच मोठा भाग. अशा खेळात हेर पडद्यावर असतो आणि खेळाडू त्याला चालवतो. मलिच यांच्या खेळात चौकशी खेळाडूचीच होते, तीही त्याच्याच घरात, त्याच्याच कळफलकावर. मालिकेचा प्रेक्षक क्रमांक सहाची घुसमट पाहत होता; खेळाडूला स्वतःच्या बोटांवरही विश्वास ठेवता येईना. चित्रांच्या दृष्टीने मात्र हा खेळ अगदीच ओबडधोबड होता, हे मान्य केलेच पाहिजे.

१९८२ मध्ये रंगीत चित्रांसह 'प्रिझनर टू' आला. मलिच यांचे नाव आजच्या खेळाडूंना ठाऊक असते ते मात्र १९९९ च्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री'चे दिग्दर्शक म्हणून.