एक गल्ला, दोन नियामक : मुंबईच्या विजेची आणि बसची गोष्ट



आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. एकच कंपनी दोन-तीन सार्वजनिक सेवा पुरवत असेल, तर तिच्यावर लगाम कुणी ठेवायचा आणि कसा? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गातला वाटतो खरा, पण मुंबईत आपण तो शंभराहून अधिक वर्षे जगत आलो आहोत. विजेचं बिल आणि बसचं तिकीट एकाच संस्थेचं, याची शहरातल्या माणसाला इतकी सवय झाली आहे की त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटतच नाही.

मुळात वीज आणि वाहतूक एकत्र आली कशी, ते आधी पाहू. 9 मे 1874 रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढत होते. पुढे 1905 साली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी इंग्लंडमध्ये नोंदली गेली आणि 1907 मध्ये विजेची ट्राम धावू लागली. यामागे सरळ व्यवहार होता. त्या काळी घरांना वीज हवी ती मुख्यतः दिवेलागणीनंतर. ट्राम मात्र दिवसभर धावणार. वीज काही पोत्यात भरून ठेवता येत नाही. जनित्र जितके जास्त तास कामात राहील, तितकं युनिट स्वस्त पडणार. म्हणजे दोन धंदे एका छपराखाली येण्यात खरीखुरी काटकसर होती आणि तिचा फायदा दोन्हीकडच्या ग्राहकांना मिळू शकत होता.

15 जुलै 1926 रोजी बस आली. 7 ऑगस्ट 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, हा सगळा उद्योग महापालिकेनं ताब्यात घेतला. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली. आता इथं जरा थांबून बघा. डिझेलवर चालणाऱ्या बसला वीजकेंद्राशी काही देणंघेणं नव्हतं. एकत्र राहण्याचं तांत्रिक कारण त्या दिवशी संपलं. उरला तो फक्त सामायिक गल्ला. विजेत उरलेले पैसे बसच्या तुटीत घालायचे, ही रीत पुढे कित्येक दशके चालली.

हे न्याय्य होतं का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला यात दोन जुनी तत्त्वं समोरासमोर उभी दिसतात. एक म्हणतं, ज्यानं सेवा घेतली त्यानं तिचा खर्च द्यावा. दुसरं म्हणतं, ज्याला परवडतं त्यानं अधिक द्यावं. बेस्टच्या बाबतीत याला भूगोलाचीही गाठ पडली. बेस्टची वीज फक्त शहरात, ढोबळमानानं कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत. बस मात्र उपनगरांतही, आणि मुंबईच्या हद्दीपलीकडेही. म्हणजे परळच्या चाळीतला भाडेकरू बोरिवलीच्या प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावत होता, आणि बोरिवलीचा वीजग्राहक दुसऱ्याच कंपनीला बिल भरून मोकळा! पण उलटही विचार करा. फोर्टातली कचेरी चालते कुणाच्या जिवावर? रोज उपनगरांतून येणाऱ्या माणसांच्याच ना? मग त्या कचेरीनं बसचा थोडा भार उचलला तर बिघडलं कुठं? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

आता कायदा. 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 51 असं सांगतं की, वितरण कंपनीनं दुसरा धंदा खुशाल करावा, पण हिशोब वेगळे ठेवावेत आणि विजेच्या पैशानं तो धंदा पोसू नये. मात्र त्याच कलमाच्या शेवटी एक अपवाद आहे : आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेला हे कलम लागू नाही. परिणाम असा झाला की विजेचा दर एक आयोग ठरवतो, बसभाड्याला दुसरं प्राधिकरण मंजुरी देतं, आणि गल्ला मात्र एकच. पुढे आयोगाच्या दर-आदेशांमुळे वाहतुकीच्या तुटीपोटी वेगळा आकार काही वर्षे वीजबिलावर छापून येऊ लागला. लोक चिडले, वाद न्यायाधिकरणापर्यंत गेले. तरी आमच्या मते ती चांगली गोष्ट होती. तोवर लोक तेच पैसे न कळता भरत होते. आता निदान कळून भरू लागले. नंतर तो आकार बंद झाला, बसची तूट मात्र राहिली.

हे फक्त मुंबईचं दुखणं नाही. आफ्रिकेतल्या गॅबोन देशानं 1997 मध्ये वीज आणि पाणी दोन्ही एकाच कंपनीकडे 20 वर्षांसाठी सोपवलं. तिथंही विजेच्या कमाईतून पाण्याला आधार मिळाला. 2018 मध्ये सरकारनं ती कंपनीच ताब्यात घेतली. मोरोक्कोत कासाब्लांकानं 1997 मध्येच वीज, पाणी आणि सांडपाणी एका कंपनीकडे दिलं. गरीब देशांत सेवा एकत्र देण्याचा मोह समजण्यासारखा आहे : बिलं वाटणारा माणूस एक, कचेरी एक, कुशल माणसं आधीच कमी. पण सेवा जितक्या जास्त, तितक्या खर्च लपवायच्या जागाही जास्त. सामायिक कचेरीचं भाडं वीजखात्यावर टाकायचं की पाणीखात्यावर, हे कंपनीच ठरवणार असेल, तर नियामकाच्या हाती उरतं काय?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. एका सेवेनं दुसरीला आधार देणं हे पाप नाही. चोरून देणं वाईट. खाती वेगळी हवीत, आधाराची रक्कम बिलावर छापलेली हवी, आणि तो द्यायचा की नाही हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी उघडपणे ठरवायला हवं. जुलै 2019 मध्ये बेस्टचं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आलं. मे 2025 मध्ये ते दहा झालं. हे दहा रुपये ठरले तेव्हा महापालिकेत तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. भाडं योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू द्या. पण ज्यांच्या खिशातून ते जाणार, त्यांच्या वतीनं बोलायला त्या वेळी सभागृहात कुणी नव्हतं, हे विसरू नका.

आम्ही इथं थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.