मागची ढकलतात, पुढची मिरवतात

'चारचाकी' हा शब्द ज्याने काढला त्याने गाडीखाली कधी वाकून पाहिलेलं नसावं. चाकं चार असतात, ती मोजता येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या पद्धतीच्या ट्रकला किंवा पिकअपला इंजिनाचा जोर मिळतो तो फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची दोन डावी-उजवीकडे वळतात आणि मागून कोणीतरी ढकलतंय म्हणून पुढे सरकतात. वरातीच्या पुढे फेटा बांधून चालणारे दोन काका असतात ना, तशी. वरात तेच नेताहेत असं बघणाऱ्याला वाटतं. खरा भार असतो तो गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्यांच्या मानेवर.

डांबरी रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चालते. चिखल लागला की बिंग फुटतं. मागची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि स्वतःसाठी खड्डा खणतात. पुढची दोन्ही धडधाकट असून नुसती बघत उभी. अशा वेळी गाडीतून उतरून पँट गुडघ्यापर्यंत दुमडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात एकच प्रश्न आला असणार : या दोघांना कामाला का लावू नये?

प्रश्न फुकट आहे, उत्तर महाग. आणि त्यातली गंमत (म्हणजे आपल्याला गंमत, त्या माणसाला नव्हे) अशी की ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या दारापर्यंत डांबर आधीच पोचलेलं असतं. ज्याच्या दारात गुडघाभर चिखल, त्याच्या नावावर जुना ट्रक आणि त्याचे हप्ते. त्याचं दूध सकाळी डेअरीत पोचलं नाही तर ते दुपारी नासतं. फोर व्हील ड्राइव्हचा सगळा इतिहास या दोन खिशांच्या मधल्या जागेत घडला आहे. लढायांचे आणि तहांचे इतिहास पुष्कळ लिहून झाले, तेव्हा पुढच्या चाकांसाठी एक लेख खर्ची पडायला हरकत नाही.

सुरुवात अर्थातच श्रीमंतांकडून झाली. १९०३ साली हॉलंडच्या स्पायकर कंपनीने चारही चाकांना जोर देणारी मोटार बांधली. ती होती शर्यतीची. म्हणजे चिखलाशी तिचा संबंध बातमीपुरता.

खरं काम झालं ते अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल या लहानशा गावात. तिथे ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिच हे मेव्हणे-मेव्हणे मिळून यंत्रदुरुस्तीचं दुकान चालवत. गोष्ट अशी सांगतात की झाकोची मोटार एकदा रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली आणि काही केल्या पुढे येईना. त्याने ती उलट्या गिअरमध्ये टाकली, तर आली की वर! उलटं जाताना जोराची चाकं पुढे झाली आणि ढकलायच्या ऐवजी ओढू लागली. एखादा म्हणाला असता, 'सुटलो बुवा एकदाचे,' आणि घरी जाऊन जेवला असता. झाको विचार करत बसला. मागची ढकलतात आणि पुढची ओढतात, तर दोन्ही का नकोत? १९०८ साली त्याने पुढच्या चाकाच्या सांध्याचं पेटंट घेतलं, पाठोपाठ गाडी तयार झाली. तिला नाव पडलं 'बॅटलशिप'. मेव्हण्या-मेव्हण्यांनी काढलेला धंदा पहिल्या दिवाळसणाला फुटतो असा आपला अनुभव. पण यातून एफ. डब्ल्यू. डी. नावाची कंपनी उभी राहिली आणि पहिल्या महायुद्धात तिचे ट्रक हजारोंनी सैन्यात गेले.

युद्ध संपल्यावर उरलेले लष्करी ट्रक अमेरिकन सरकारने राज्यांना वाटून टाकले, कशासाठी, तर रस्ते बांधायला! रस्ता नसतो म्हणून ज्या ट्रकांचा जन्म झाला, त्यांच्याकडूनच रस्ते करून घेतले. स्वतःची नोकरी स्वतःच्या हाताने संपवण्याचं इतकं निष्ठावंत उदाहरण कोणत्याही सरकारी खात्यात सापडणार नाही.

आता हा सांध्याचा प्रकार काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मागच्या चाकाचं जगणं सोपं. त्याने फक्त फिरायचं. पुढच्या चाकाने फिरायचंही आणि फिरता फिरता वळायचंही. फुगडी घालता घालता मान वळवून शेजारणीशी बोलण्यासारखं आहे हे. चाकापर्यंत जोर नेणारी दांडी वळणावर मोडती घ्यायला हवी, पण फिरणं थांबता कामा नये. साधा क्रॉसचा जॉइंट लावला तर दांडी वाकली की चाक एका फेऱ्यात दोनदा घाई करतं आणि दोनदा रेंगाळतं, आणि ते धक्के थेट स्टिअरिंग धरलेल्या हातात येतात. यावरचा चांगला तोडगा आल्फ्रेड झेपा या इंजिनिअरने १९२०च्या दशकात काढला. पिंजऱ्यात बसवलेल्या पोलादी गोळ्यांमधून जोर पुढे जातो आणि चाक कितीही वळलं तरी फिरणं एका लयीत राहतं. (या गृहस्थांच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये 'झे'च्या आधी एक 'आर' आहे. तो मला झेपला नाही म्हणून सोडून दिला आहे.) आजच्या बहुतेक मोटारींत पुढची चाकंच जोर लावतात, त्यांच्या आतला सांधा याच घराण्यातला.

सांधा सुटला, पण किंमत सुटेना. १९३१ साली इंडियानापोलिसमध्ये मार्मन-हेरिंग्टन कंपनी निघाली. वॉल्टर मार्मन यांच्या घराण्याचा उंची मोटारींचा कारखाना मंदीत शेवटच्या घटका मोजत होता, आणि आर्थर हेरिंग्टन यांना लष्करी ट्रकांचा अनुभव होता. १९३५पासून त्यांनी एक शहाणपणाचा उद्योग मांडला. अख्खा ट्रक आपण बांधायचाच कशाला? फोर्डचा तयार घ्यावा, आणि पुढच्या दोन चाकांना कामाला लावून द्यावं. म्हणजे विहीर दुसऱ्याची, मोट आपली. फोर्डचे ट्रक स्वस्त, सुटे भाग गावोगावी मिळणारे, तेव्हा कल्पना उत्तम. पण वर लागणारी मजुरी अशी की ती ऐकून शेतकरी पुन्हा बैलांची चौकशी करी.

या हेरिंग्टनसाहेबांचे पाय आपल्याही भूमीला लागले आहेत. १९४२ साली अमेरिकेने हेन्री ग्रेडी यांच्या नेतृत्वाखाली एक तांत्रिक मंडळ हिंदुस्थानात पाठवलं होतं, इथले कारखाने युद्धाला किती उपयोगी पडतील ते बघायला. त्यात ते होते. आपले रस्ते पाहून फोर व्हील ड्राइव्ह विकणाऱ्या माणसाच्या मनात काय कालवाकालव झाली असेल याची मी फक्त कल्पना करतो.

मग जीप आली. १९४०मध्ये बॅन्टम कंपनीने पहिला नमुना बांधला आणि युद्ध संपेपर्यंत विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. युद्धानंतर त्या बाजारात आल्या आणि फोर व्हील ड्राइव्ह पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या हाताला लागलं. फार काय, १९४८ साली सिअॅटलच्या आर्थर वॉर्नने पुढच्या चाकांचे असे हब काढले की चांगल्या रस्त्यावर ती चाकं जोरापासून तोडून मोकळी सोडता येतील. आधी त्यांना कामाला लावण्यासाठी चाळीस वर्षं खटपट, आणि लागली तर लगेच त्यांच्या रजेची सोय!

आपल्याकडे १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि जीप हे वाहन मामलेदार, फॉरेस्टवाले आणि निवडणुकीचे उमेदवार यांच्या नशिबी आलं. पुढे पुढे पुढच्या चाकांचा जोर मुळातच न दिलेल्या जीपाही निघू लागल्या. किंमत कमी, डिझेल कमी. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापवाल्यांनी त्यात पंधरा-पंधरा माणसं कोंबून सारा मुलूख पालथा घातला. अमेरिकन माणूस दोन चाकांच्या गाडीला चार चाकं कामाला लावायला धडपडतोय, आणि आपण चारातली दोन काढून पैसे वाचवतोय. काटकसर दोन्हीकडे तीच.

देवगडकडे कलमांची बाग असलेल्या आमच्या एका मामांना मी हा सगळा इतिहास मोठ्या उत्साहाने ऐकवला होता. त्यांच्याकडे जुनी पिकअप होती आणि पहिल्या पावसात ती बागेच्या चढाला हमखास बसायची. मामांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे भाच्या, माझ्या गाडीला सहांचा जोर आहे. दोन चाकं आणि चार गडी. आणि गडी पेट्रोल पीत नाहीत, चहावर चालतात." या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेतल्या शेतकऱ्याजवळ चार गडी नव्हते, म्हणून तिथे उत्तर शोधावं लागलं.

ते सापडलं मिनिआपोलिसमध्ये. नॅप्को ही मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा करणारी कंपनी. १९५०च्या दशकात तिने शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी 'पॉवर-पॅक' नावाचा संच काढला. स्वस्त म्हणवत नाही, मूळ ट्रकच्या निम्म्याहून जास्त पैसे पडत. पण त्यात डोकं होतं ते असं, की पुढचा अॅक्सल नवा घडवण्याऐवजी त्यांनी त्याच कंपनीच्या मागच्या अॅक्सलचं धूड घेतलं आणि त्याच्या टोकांना वळणारे सांधे बसवले. म्हणजे पुढचे दात आणि मागचे दात एकाच साच्याचे.

हे किती महत्त्वाचं आहे ते दात जुळले नाहीत म्हणजे कळतं. शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, याचा हिशेब पुढे आणि मागे एकच लागतो. पुढे चार आणि मागे साडेचार असला तर ट्रकची पुढची बाजू एका चालीने जायचं म्हणते, मागची दुसऱ्या. दोघंही हट्ट सोडत नाहीत. शेवटी टायर झिजतात, नाहीतर मधलं काहीतरी तुटतं. भंगारातून स्वस्तात अॅक्सल उचलून आणणाऱ्या कित्येकांनी हा धडा रोख पैसे मोजून घेतला आहे.

दात जुळले तरी कुरबुर राहतेच. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. या जुन्या रचनेत मात्र पुढची नि मागची बाजू एकमेकींशी घट्ट बांधलेली. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब भागतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळी यंत्रणा आखडून कुरकुरते. म्हणून अशा गाडीत पुढची चाकं चिखलापुरतीच जोडायची. अडचणीत एकजीव आणि सुबत्तेत भांडण. अशी घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

आणि आता घरांचा विषय निघालाच आहे, तर ट्रान्सफर केस. आपल्याकडे ट्रान्सफर म्हटलं की बदली, आणि नोकरदाराच्या पोटात गोळा. इथे तो गिअरबॉक्सच्या मागचा एक डबा असतो. एका वाटेने जोर आत येतो, दोन वाटांनी बाहेर पडतो, एक पुढे, एक मागे. हा डबा गिअरबॉक्सला थेट बोल्टांनी जखडलेला असला तर अमेरिकन मिस्त्री त्याला 'मॅरिड' म्हणतात. आणि वेगळा, चेसीला स्वतंत्र टांगलेला असला तर 'डिव्होर्स्ड'. हे मी रचलेलं नाही, तिकडे सर्रास असंच बोलतात. दोघांत संबंध उरतो तो एका आखूड शाफ्टपुरता. त्यातून पोटगी नियमाने पोचत राहते.

पण गरिबाला तारलं ते या घटस्फोटितानेच. डबा वेगळा असल्यामुळे मूळ गिअरबॉक्सला हातच लावावा लागत नाही. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या सालचा, याची चौकशी नको, पत्रिका जुळवायला नकोत. नॅप्कोने हीच रीत ठेवली होती, आणि संच विकताना ते सांगत की ट्रक म्हातारा झाला तर संच उतरवा आणि नव्याला चढवा. जुन्या वाड्याची दारं-खिडक्या नव्या घराला लावतात तसा हिशेब. हे वाचलं तेव्हा ही मंडळी मला एकदम आपली वाटली.

१९५७मध्ये शेव्हरोलेने हा संच कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. पाहुणा घरात राहायला आला म्हणायचा. दोन-तीन वर्षांतच घरच्यांनी त्याच्याकडून रीत उचलली. फोर्डने १९५९मध्ये स्वतःचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रक काढला, जनरल मोटर्सने १९६०पासून आपली रचना आणली, आणि नॅप्कोच्या संचाचं काम संपलं. एफ. डब्ल्यू. डी.च्या ट्रकांनी रस्ते बांधले होते, त्यातलाच हा प्रकार.

जुना ट्रकवाला मात्र जिथल्या तिथे. नवा घ्यायला पैसे नाहीत, संच बंद. मग तो भंगारवाल्याकडे गेला. अपघातात चेपलेल्या ट्रकचा धड अॅक्सल, दुसऱ्याचा ट्रान्सफर केस, तिसऱ्याचा शाफ्ट. शाफ्ट लांब पडला तर कापायचा, आखूड पडला तर जोडून वेल्डिंग करायचं. पाटे बदलले की ट्रक वीतभर उंच होतो, मग स्टिअरिंगच्या दांड्या पुरत नाहीत, ब्रेकचे पाइप पुरत नाहीत. शनिवारी सुरू केलेलं काम पुढच्या हिवाळ्यात आटोपायचं. पण आटोपायचं. आणि बर्फात रुतलेल्या शेजाऱ्याच्या नव्या गाडीला हा जोडकामाचा ट्रक दोर लावून बाहेर ओढायचा, तेव्हा त्या शेजाऱ्याचा चेहरा पाहण्यात सगळे पैसे वसूल होत असणार.

नॅप्कोचे ते जुने पिकअप अमेरिकेत अजून आहेत. संग्राहक ते शोधत हिंडतात, आणि मूळ संच शाबूत असलेल्या पिकअपला असा भाव येतो की त्याच्या पहिल्या मालकाला भोवळ यावी. चारही चाकं चालू असतात. पण तो चिखलात घालायची कोणाची छाती होत नाही. आभाळ भरून आलं की आधी त्याला आत घेतात.