अर्जदार रामानुजन

‘उमेदवार’ या शब्दाच्या पोटीं ‘उमेद’ हा फारसी शब्द आहे. उमेद म्हणजे आशा. नोकरी मागणाऱ्याजवळ पुष्कळदां आशेखेरीज दुसरें भांडवल नसतें. अशा माणसानें अर्जांत काय लिहावें आणि अधिकाऱ्यापुढें काय बोलावें? श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. थोर गणिती म्हणून जग त्यांना ओळखतें. परंतु १९१० ते १९१३ या काळांत ते एक गरजू अर्जदार होते.

रामानुजन यांचा जन्म १८८७ सालचा. मॅट्रिकपर्यंत सर्व ठीक चाललें. पुढें मात्र गणितावांचून दुसऱ्या विषयांत त्यांचें मन रमेना. कुंभकोणमच्या कॉलेजांतील शिष्यवृत्ति गेली आणि एफ्. ए. च्या परीक्षेंत दोनदां अपयश आलें. १९०९ सालीं लग्न झालें. पदवी नाहीं, मिळकत नाहीं. होत्या त्या केवळ गणिताच्या वह्या.

त्या वह्या घेऊन १९१० सालीं ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ या संस्थेचे हे संस्थापक. रामानुजन यांनीं मागितली साधी कारकुनी. परंतु एवढी बुद्धि महसूल खात्याच्या तळाशीं गाडून टाकणें अय्यर यांना रुचलें नाहीं. त्यांनीं मद्रासच्या स्नेह्यांना शिफारसपत्रें दिलीं.

त्या वाटेनें ते नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापुढें उभे राहिले. वेष गबाळा, दाढी वाढलेली, बगलेंत जीर्ण वही. डोळे मात्र तेजस्वी. वहींतील मजकूर रावांना प्रथम उमगेना. दुसरा कोणी असता तर हिरमुसून परतला असता. रामानुजन यांनीं मात्र ऐकणाऱ्याची पायरी ओळखली. सोपे सिद्धांत आधीं दाखविले आणि पायरी पायरीनें त्यांना कठीण गणितापर्यंत नेलें. रावांची खात्री पटली. ‘काय हवें?’ या प्रश्नाला उत्तर मिळालें तें एवढेंच, कीं पोटापुरतें मिळावें आणि गणित करतां यावें. रावांनीं कांहीं काळ पदरचा मासिक खर्च दिला.

परंतु दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस राहावें? ९ फेब्रुवारी १९१२ रोजीं रामानुजन यांनीं मद्रास पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला. तो अगदीं थोडक्यांत आहे. मॅट्रिक झालों, एफ्. ए. पर्यंत शिकलों, प्रतिकूल परिस्थितीमुळें शिक्षण थांबलें; सर्व वेळ गणितांत घालवितों; नेमणूक झाल्यास काम नीट करीन, हा त्याचा आशय. अपयशाचा पाढा नाहीं, पण नसलेल्या पदवीचा आवही नाहीं. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक मिडलमास्ट यांची शिफारस होती. १ मार्चपासून दरमहा ३० रुपयांवर ते कारकून झाले.

१६ जानेवारी १९१३ रोजीं त्यांनीं केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलें. त्यापूर्वीं इंग्लंडांतील दुसऱ्या गणितज्ञांना लिहिलेलीं पत्रें निष्फळ ठरलीं होतीं. या पत्राच्या आरंभींच आपण तुटपुंज्या पगाराचे कारकून असून विश्वविद्यालयाचें शिक्षण घेतलेलें नाहीं, हें त्यांनीं सांगून टाकलें. आणि पुढें सुमारें १२० सिद्धांत मांडले. हार्डी यांनीं सहकारी लिटलवुड यांच्यासह ते तपासले. हा माणूस असामान्य आहे, अशी दोघांची खात्री झाली. त्याच वर्षीं मद्रास विश्वविद्यालयानें ७५ रुपयांची मासिक शिष्यवृत्ति दिली. १९१४ सालीं रामानुजन केंब्रिजला गेले आणि १९१८ सालीं रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

तिन्ही ठिकाणीं रामानुजन यांनीं उणीव लपविली नाहीं आणि केलेलें काम पुढें ठेवलें. मात्र यशाचें अर्धें श्रेय वाचणाऱ्यांचेंही आहे. अय्यर, राव आणि हार्डी यांनीं पदवीचा रकाना रिकामा पाहून कागद बाजूला सारला असता, तर तीं सूत्रें जीर्ण वहींतच राहिलीं असतीं. आजही टेबलाच्या एका बाजूस अर्जदार बसतो तशी दुसऱ्या बाजूस निवड करणाऱ्याचीही परीक्षा चाललेली असते.