ब्रेक का ओरडतो? निळ्या डिस्कची सव्वाशे वर्षांची गोष्ट

कराडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, गाडीला भारीतले परफॉर्मन्स पॅड टाकले. दुसऱ्याच दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन आलो. आता ब्रेक दाबला की करकर वाजतंय, अन् डिस्क निळी पडलीया. पैसं पाण्यात गेलं का?"

गेले, असं लगेच म्हणणार नाही मी. पण आधी थोडं मागे जाऊ, कारण ब्रेकचा सगळा इतिहास या दोनच तक्रारींचा आहे. आवाज आणि उष्णता.

1888 मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न विचारता घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. मग तिने वाटेत बूट शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आपण गॅरेजमध्ये ज्याला लायनर म्हणतो, त्याचा मूळपुरुष म्हणजे हा चामड्याचा तुकडा!

पुढे 1902 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना आजचीच, चकती फिरतेय आणि दोन्ही बाजूंनी तिला चिमटा. पण त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासला की काय होतं, ते विहिरीच्या गंजलेल्या रहाटाला विचारा. शिवाय त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते तांबं भराभर झिजायचं.

आवाजावर तोड निघाली ती हर्बर्ट फ्रूडच्या अस्तरांमुळे. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधायचे, ते पाहून त्याने 1897 मध्ये ब्रेकची अस्तरं बनवायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. नंतर त्याने अस्तरात ॲस्बेस्टॉस घातला. न जळणारा, शांत, स्वस्त. जगाचे ब्रेक गप्प झाले.

त्या शांततेची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी दिली. इंग्लंडमध्येच, रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कापडाच्या कारखान्यात काम करणारी नेली करशॉ 1924 मध्ये वारली. वय फक्त 33. फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे तंतू. ब्रिटनने यावर पूर्ण बंदी घातली ती 1999 मध्ये, म्हणजे तब्बल 75 वर्षांनी. म्हणून सांगतो, गॅरेजमध्ये कुणी ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत असेल, तर तिथे उभं राहू नका, आणि त्यालाही थांबवा. नवीन पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसला तरी ती धूळ छातीला बरी नाहीच.

ॲस्बेस्टॉस गेल्यावर त्याची जागा कशाने भरायची? बऱ्याच पॅडमध्ये त्याचं उत्तर होतं धातू! परफॉर्मन्स पॅडमध्ये तो जास्तच असतो. सिंटर्ड पॅड तर धातूची भुकटी दाबून, तापवूनच बनवतात. म्हणजे लँचेस्टरचा धातू परत आला आणि त्याच्याबरोबर त्याचा आवाजही. सकाळी गार डिस्कवर असा पॅड थोडा ओरडतोच. ती खोड आहे, रोग नाही.

आता निळा रंग. हा ओळखायला इंजिनिअर लागत नाही. कोयत्याला पाणी देणारा लोहार हाच रंग बघून काम करतो. साधं पोलाद 220-230 अंशांना पेंढ्यासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं, आणि 300 च्या आसपास निळं. हा वरचा ऑक्साइडचा पातळ थर असतो. बाइकची डिस्क बहुतेक वेळा स्टेनलेसची, तिला निळी व्हायला याहून बरंच जास्त तापमान लागतं. म्हणजे भावा, तुझी डिस्क चांगलीच तापली होती.

का तापली? नवीन पॅड आणि डिस्क आधी एकमेकांना लागावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक, मग थोडं गार होऊ द्यायचं, असं बऱ्याचदा. त्याने पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. ते न करता थेट घाट उतरलास, तर थर ठिगळासारखा बसतो, आणि मग करकर आणि लिव्हरला थरथर.

दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे. मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हाताने फिरवून बघ. अडकत असेल, तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन जाम आहे आणि ब्रेक न दाबताही पॅड घासतोय. पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावून घे. पण बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात तसं पॅडच्या घासणाऱ्या बाजूला काही लावलंस, तर आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल! डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तीही मोजून घे. चिरा दिसल्या, चकती वाकलेली वाटली किंवा जाडी कमी भरली, तर डिस्क बदलायची. नुसता निळेपणा असेल तर चालेल.

आणि ब्रेक ऑइल बदल. डॉट 3 नवं असताना 205 अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरल्यावर तेच 140 अंशांपर्यंत खाली येतं. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, लिव्हर हँडलला टेकतो, आणि गाडी थांबत नाही. म्हणून कुंभार्लीत तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतर, इंजिनला गाडी धरू दे.

पुढच्या भागात ट्रकचा एअर ब्रेक. प्रश्न असतील तर पाठवा.