जुना बोजा, नवा सातबारा

देगलूर, कंधार किंवा निलंगा तालुक्यातला एखादा जुना सातबारा हातात घ्यावा आणि मालकाचं नाव सोडून थेट ‘इतर हक्क’ या रकान्याकडे वळावं. कुठल्या तरी दुष्काळातली तगाई, बंडिंगचा बोजा, सोसायटीचं कर्ज, विहिरीतला निम्मा हिस्सा, कधीकाळच्या सावकाराचं नजरगहाण. वर कब्जेदार म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्यामागे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा मॅनेजर वारून दोन पिढ्या लोटलेल्या. कुणाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता; तो अज्ञान मुलगा आता नातवंडांचा आजोबा. यातली प्रत्येक नोंद लिहिली त्या दिवशी बरोबर होती. ती काढून टाकणं मात्र कुणाचंच काम नव्हतं.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. मेअर लेमन यांनी आयबीएमच्या एका अवाढव्य प्रणालीचा अभ्यास करून 1974 पासून जे नियम मांडले, त्यातला एक असा: वापरात असलेला प्रोग्राम बदलत राहतो आणि मुद्दाम मेहनत घेतली नाही तर बदलागणिक गुंतत जातो. 1992 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली; वेळेत फेडलं नाही की व्याज चढतं. सातबाऱ्याच्या भाषेत याला बोजा म्हणतात, आणि मराठवाड्यात तो कित्येक दशकं साचत आला आहे.

सातबारा ही मुळात मुंबई इलाख्याची चीज. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सात-बारा. एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची जी पुस्तिका रचली, तिच्यावर तलाठ्यांच्या पिढ्या पोसल्या. नांदेड-लातूरकडे त्या काळात निजामाचं राज्य होतं. 1317 फसलीचा जमीन महसूल कायदा, पट्टेदार आणि शिकमीदार, जहागिरी, सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीतल्या जमिनी, मदतमाश इनामं असा सगळा निराळा संसार. हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा हैदराबादेत आला तो 1358 फसलीत, म्हणजे पोलीस कारवाईच्या आगेमागे. जहागिरी 1949 मध्ये गेल्या. 1950 मध्ये हैदराबादचा कूळ कायदा झाला. 1954-55 मध्ये गावोगाव खासरा पहाणी झाली. आजही मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की वकील आधी तोच कागद मागतात.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा नुसता नकाशा बदलला नाही. किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेडमध्ये आला, मुधोळ नांदेडमधून आदिलाबादकडे गेला. गावांबरोबर दप्तरंही हलली. निजामी चौकटीत भरलेली माहिती हळूहळू मुंबईच्या चौकटीत उतरवण्यात आली. 15 ऑगस्ट 1967 पासून सगळ्या महाराष्ट्राला एकच जमीन महसूल संहिता लागू झाली आणि 1971 च्या नियमांनी हक्कनोंदीचे नमुने ठरवून दिले. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एकत्रीकरण योजना पोचली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा निघाला, आणि पुढे त्याचेही तालुके फुटत गेले.

एवढ्या वेळा मांडणी बदलली, पण एकदाही कुणी आधी मोजून पाहिलं नाही की जुन्या नोंदींत किती गोंधळ आहे. राज्य बदललं म्हणून, कायदा बदलला म्हणून, माप बदललं म्हणून कागद नव्याने उतरवला गेला. उतरवताना जुनी चूक जशीच्या तशी पुढे आली, वर उतरवणाऱ्याची एखादी नवी भर पडली.

मापाचंच घ्या. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर आणि एक आर म्हणजे 100. फरक किरकोळ, पण आकडे पूर्णांकात बसवायची सवय जुनी. समजा 1 हेक्टर 60 आर जमीन तीन भावांत सारखी वाटली. प्रत्येकाला 53.33 आर यायला हवेत. लिहिणाऱ्याने 53 लिहिले. बेरीज 159. एक आर जमीन कागदावरून नाहीशी झाली, शेतात मात्र ती आहे तिथेच आहे. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर हे पन्नास वर्षं खपून गेलं, कारण कागद बेरीज तपासत नाही.

कागदाची जागा संगणकाने घ्यायची ठरली 1988-89 मध्ये. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातला एक होता: वर्धा. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, केलेली प्रणाली तालुक्या-तालुक्याच्या संगणकावर आली आणि सातबारे टंकले गेले. बरीच वर्षं हस्तलिखित आणि संगणकीय असे दोन सातबारे शेजारी शेजारी नांदले. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, एकावर लागायचा, दुसऱ्यावर राहून जायचा. एकाच माहितीच्या दोन प्रती ठेवल्या की त्या कधी ना कधी फारकत घेतात, हे कुठलाही अनुभवी प्रोग्रामर सांगेल; तहसीलच्या खिडकीवर उभ्या शेतकऱ्याला ते आपोआपच कळलं.

ई-फेरफार हा प्रकल्प आला तेव्हा माहिती राज्यपातळीवर एकत्र करायची होती. सुमारे अडीच कोटी सातबारे, 44 हजारांहून जास्त गावं. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट तलाठ्याकडे यावी, नोटीस निघावी, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी आणि सातबारा आपसूक बदलावा, अशी रचना. ऐकायला सरळ. खरी अडचण ‘हरकत आली तर’, ‘खरेदीदार शेतकरी नसेल तर’, ‘जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर’ अशा वाटांची.

थॉमस मॅककेब या अमेरिकी गणितज्ञाने 1976 मध्ये प्रोग्रामची गुंतागुंत मोजायची जी रीत दिली, ती नेमकी या ‘जर-तर’वर उभी आहे. प्रोग्रामच्या एका तुकड्यात निर्णयाची वळणं किती ते मोजायचं आणि त्यात एक मिळवायचा. वळण एकही नसेल तर वाट एकच. वळणं वाढली की स्वतंत्र वाटा वाढतात, आणि तपासताना निदान तेवढ्या वाटांनी चालून पाहावं लागतं. मॅककेबच्या मते दहा ही साधारण मर्यादा. त्यापुढे तुकडा फोडावा किंवा नव्याने लिहावा. हा दहाचा आकडा पुढे इतका लाडका झाला की तो एका माणसाचा अंदाज होता हेच अनेक जण विसरले.

मराठवाड्याने या मोजणीत स्वतःची भर घातली. महाराष्ट्रात कूळ कायदे तीन आहेत: पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा मुंबईचा, मराठवाड्याला 1950 चा हैदराबादचा, विदर्भाला 1958 चा. पुण्याकडचं कूळ कलम 32-ग खाली मालक झालं. नांदेड-लातूरचं संरक्षित कूळ 38-ई खाली. अशी जमीन विकायची तर बंधन येतं ते तिकडे कलम 43 चं, इकडे 50-ब चं आणि विदर्भात 57 चं. त्यावर मदतमाश आणि इतर इनामं, ज्यांचा 1954 चा निर्मूलन कायदाही हैदराबादचाच. पुण्यात बसून राज्यासाठी एकच प्रणाली लिहायची तर हे सगळे फाटे तिच्या पोटात घ्यावेच लागतात. मोजणीचं यंत्र लावलं तर आकडा फुगलेला दिसणार, आणि एखादा उत्साही तरुण म्हणणार, हे सोपं करून टाकू.

ते सोपं करता येत नाही. 38-ई हा कोडमधला कचरा नाही. एका कुळाच्या मालकीचा तो पुरावा आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 मध्ये गुंतागुंतीचे दोन प्रकार सांगितले: एक विषयातच असलेली, दुसरी आपण घातलेली. पहिली झाडून निघत नाही. सातबाऱ्यावर 38-ई पहिल्या प्रकारची, वारलेला ए.कु.मॅ. दुसऱ्या प्रकारचा. दिसायला दोन्ही सारख्याच ओळी. कुठली ओळ काढायची हे ठरवायला मोजपट्टी अपुरी पडते, तिथे इतिहास माहीत असावा लागतो.

मोजमाप शेवटी झालं, आणि ते प्रणालीनेच करून दाखवलं. तलाठी मंडळी ज्याला नुसतं ‘ओडीसी’ म्हणतात, म्हणजे ऑनलाइन डेटा करेक्शन, त्यात विसंगतींचे क्रमवार अहवाल निघू लागले. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही असे गट किती, ही त्यातली मुख्य यादी. तीन भावांचा हरवलेला एक आर अशा यादीत येतो. गावाच्या नावापुढे आकडा दिसू लागला आणि तहसीलदारांच्या बैठकीत ‘तुमच्या साझ्यात किती शिल्लक?’ हा प्रश्न आला. आकड्याचा फायदा मोठा: कुठून सुरुवात करायची ते कळतं. धोकाही त्यातच. आकडा शून्यावर आणायची घाई झाली की बेरीज जुळते, पण कुणाचा आर कुणाच्या नावावर गेला हे विचारायचं राहून जातं.

दुरुस्तीचा मार्ग होता जमीन महसूल संहितेचं कलम 155. लेखनातली चूक सुधारण्यापुरतं हे कलम; हक्क बदलण्यासाठी नाही. प्रोग्रामच्या फेररचनेची व्याख्याही हीच आहे. विल्यम ऑपडाइक यांनी 1992 च्या प्रबंधात आणि मार्टिन फाउलर यांनी 1999 च्या पुस्तकात सांगितली ती अट एवढीच: आतली मांडणी बदला, बाहेरून दिसणारं वागणं तसूभर बदलू नका. कलम 155 खाली हक्कालाच हात घालणारे आदेश निघाल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि सरकारला असे आदेश पुन्हा तपासायला घ्यावे लागले. फेररचनेच्या नावाखाली वागणं बदलणं हा आजार आयटी कंपन्यांतही आहे. तिथे निदान कुणाची जमीन जात नाही.

वागणं बदललं नाही याची खात्री करायला प्रोग्रामर चाचण्या लिहितात. महसूल खात्याने जुनीच रीत काढली: चावडी वाचन. 2017 च्या उन्हाळ्यात संगणकावरचे सातबारे गावागावांत वाचून दाखवले गेले. ‘हे नाव चुकलं’, ‘इथली विहीर राहिली’ असं म्हणायला समोर माणसं होती. संगणकाला बेरीज कळते, पण कुणाची बहीण वारसांतून गळली हे कळत नाही. संपूर्ण संगणकीकरणातली शहाणी पायरी कुठली असं विचारलं तर हीच. ती सगळीकडे सारख्या मनापासून झाली असं मात्र कुणी छातीठोक म्हणणार नाही. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. पुढे 15 रुपये भरून ते कुणालाही मोबाइलवर घेता येऊ लागले.

2020 मध्ये नमुन्याचीच मांडणी बदलली. गावाच्या नावाबरोबर सांकेतांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा आणि एकूण क्षेत्र वेगळं दिसू लागलं. खाते क्रमांक नावाच्या शेजारी आला. पूर्वी कमी केलेली नावं आणि बोजे कंसात दाखवत, आता त्यांवर आडवी रेघ आली. जुने फेरफार क्रमांक शेवटी वेगळ्या रकान्यात गेले, प्रलंबित फेरफार ठळक झाला. यात हक्क कुणाचा बदलला नाही, वाचणं तेवढं सोपं झालं. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बाराची नोंद खुद्द शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेली.

उरला होता तो साचलेला बोजा. 2025 च्या वसंतात ‘जिवंत सातबारा’ मोहीम बुलढाण्यातून सुरू होऊन राज्यभर गेली: मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. तगाई, बंडिंग, ए.कु.मॅ., अ.पा.क. अशा कालबाह्य नोंदी कमी करण्याचं कामही त्याच ओघात हाती आलं. गावात चावडीवर मयतांची यादी वाचायची, वारसांकडून कागद घ्यायचे, चौकशी करून वारसठराव करायचा, मग फेरफार. मराठवाड्यातल्या तलाठ्याला, ज्याचं पदनाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, यात एक जास्तीचं काम असतं: जुनी ओळ काढण्याआधी तिचा फेरफार उघडून मागे जायचं, आणि कधी कधी खासरा पहाणीपर्यंत पोचायचं. इनामाची किंवा संरक्षित कुळाची नोंद असेल तर तिला हात लावायचा नाही.

त्याच 2025 मध्ये तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या, कायद्यात सवलत देण्याचा निर्णय झाला. ठरावीक तारखेआधी पडलेले तुकडे ठरावीक क्षेत्रांत नियमित करायचे. वर्षानुवर्षं ‘तुकडा’ शेरा घेऊन बसलेल्यांची सोय झाली. ई-फेरफारमध्ये आता त्यासाठी आणखी काही प्रश्न विचारावे लागणार: भूखंड कुठल्या क्षेत्रात, तुकडा कधी पडला, दस्त नोंदणीकृत की नुसता नोटरीचा. मॅककेबच्या हिशेबाने तीन वळणं नवी.