काजगाव ते परळ: एक वही आणि एक पिवळं औषध

वडील गेल्यावर भडगावच्या घरातला माळा आवरताना लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही सापडली. अर्ध्या वहीत कापसाचा हिशोब: किती वेचणी झाली, किती क्विंटल घातला, चुकारा कधी मिळाला. ती उलटी करून शेवटच्या पानापासून दुसराच हिशोब मांडलेला होता. काजगाव ते दादर. दादर ते काजगाव. शहाळं. रक्ताची बाटली, दोन. प्लास्टिकचा कागद, चार हात. दूध. परत काजगाव ते दादर.

ही वही १९८६ आणि १९८७ सालची. माझ्या धाकट्या बहिणीला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हाची. मी पंधरा वर्षांचा होतो. मला तो सगळा काळ आजीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीच्या चवीत आठवतो, कारण आई घरात नव्हती. वही मिळाली तेव्हा मी गिरणाकाठच्या जुन्या जिनिंग कारखान्यांची माहिती गोळा करत होतो. उलट्या बाजूच्या हिशोबाने मला त्या कामातून ओढून काढलं. पुढची काही वर्षं मी परळचा इतिहास वाचत राहिलो. तो वाचता वाचता पुन्हा कापसापाशी येईन, असं मात्र वाटलं नव्हतं.

परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्यामागे एक घरगुती दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. पत्नीच्या नावाने त्यांनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ठेवलेला निधी आणि पुढे त्यांच्या विश्वस्त निधीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय, दोन्हींच्या मुळाशी हाच आजार होता. मात्र रुग्णालय उघडलं तेव्हा जगात कुठेच या आजारावर औषध नव्हतं. तो झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं.

औषध सापडलं त्याची गोष्ट बहुतेक पुस्तकांत बोस्टनपासून सुरू होते. माझ्या मते ती परळपासून सुरू करायला हवी. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे, त्याचा शोध घ्यायचं काम तिच्याकडे होतं. तिची प्रयोगशाळा होती हाफकिन संस्थेत, म्हणजे आजच्या टाटा रुग्णालयापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. या बायका काय खातात, कशा राहतात, याची तिने नोंद केली. शेवटी तिला दिसलं की मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त, काळपट अर्क दिला की त्यांचं रक्त सुधारतं. १९३१ साली तिने हे छापलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला.

या बायकांच्या गिरण्यांत सूत निघत होतं ते कशाचं? त्यात आमच्याकडच्या कापसाचा वाटा होता. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि त्याच सुमारास रेल्वे चाळीसगाववरून भुसावळकडे सरकली. तेव्हापासून आमच्या गाठी मुंबईला जात राहिल्या. त्या गाठींनी चालणाऱ्या गिरण्या, त्या गिरण्यांतल्या अशक्त बाया आणि त्यांच्या रक्तात ल्युसी विल्सला दिसलेलं कोडं.

पुढचा भाग अमेरिकेतला, पण त्यातही आपला माणूस आहे. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ली कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फोलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार केलं. बोस्टनच्या सिडनी फार्बरला वाटलं, पंडुरोग याने बरा होतो तर ल्युकेमियाच्या मुलांनाही देऊन पाहावं. दिलं, आणि आजार उलट झपाट्याने वाढला. फार्बरने त्यातून नेमकं उलट अनुमान काढलं: हे देण्याने रोग पोसत असेल तर ते तोडणारं काहीतरी द्यावं. सुब्बाराव यांच्या गटाने तसं द्रव्य बनवलं, अॅमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बरने १६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. अॅमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड म्हणजे मेथोट्रेक्झेट. रंगाने पिवळं.

हे पिवळं औषध माझ्या बहिणीच्या कण्यात सुईने सोडलं जायचं. आई त्याला हळदीचं पाणी म्हणायची. पोरीने घाबरू नये म्हणून तिने शोधलेलं ते नाव होतं. गिरणी कामगारणींच्या रक्तातून निघालेली वाट अमेरिकेला वळसा घालून त्याच परळमध्ये परत आली होती.

वेळेच्या बाबतीत माझी बहीण सुदैवी होती. ऐंशीच्या दशकाआधी या आजारातून आपल्याकडे पाचात एखादंच मूल वाचे. त्या दशकाच्या मध्यात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे इयन मॅग्रथ यांच्या पुढाकाराने एमसीपी ८४१ नावाची उपचारपद्धती आली. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या रुग्णालयांनी ती वापरली आणि वाचणाऱ्यांचं प्रमाण चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान गेलं. पोलिओमुळे लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत असलेल्या अडवाणींनी उभं केलेलं हे काम मला त्या काळातल्या कुठल्याही धरणाइतकं मोठं वाटतं. पण या पद्धतीची एक अट होती. उपचार सुमारे दोन वर्षं चालायचे. पहिले महिने रुग्णालयाच्या आसपास राहून, आणि नंतर मूल हसतंखेळतं झाल्यावरही गोळ्या आणि तपासण्या.

दोन वर्षं म्हणजे शेतकऱ्याच्या घरात दोन पेरण्या, दोन वेचण्या. आई परळला. बापाचा एक पाय पऱ्हाटीच्या वावरात, दुसरा काजगावच्या फलाटावर. वहीतल्या चार हात प्लास्टिकचा अर्थ मला आईने पुढे सांगितला: धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत ती दोघी फुटपाथवर होत्या, पावसाळ्यात. गाडगेबाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली, तेव्हा त्यांना जे कळलं होतं ते योजना आखणाऱ्यांना कळायला फार वेळ लागला. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती नसती तर आमच्या भागातली कित्येक माणसं पहिल्याच आठवड्यात परतीच्या गाडीत बसली असती. आई पुढे धर्मशाळेत तीन महिने राहिली. तिथे यवतमाळची एक बाई तिची जिवाभावाची झाली. दोघींनी एकाच स्टोव्हवर आळीपाळीने खिचडी लावली.

इकडे घरी मी नि आजी. गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर यायची बंद झाली. हा आजार लागतो, असा समज होता. त्या श्रावणात कानबाई आली. आमच्या भाऊबंदांचे रोट एकत्र होतात. आई नाही, तर दळण कोणी करायचं यावरून चुलत्यांत कुजबुज झाली. शेवटी आजीने एकटीने दळलं. पोरीला उतार पडला तर पुढच्या वर्षी सव्वापट रोट, असा नवसही तिने बोलला.

उतार पडला. १९८७ च्या उन्हाळ्यात बहीण घरी आली. डोक्यावर नवे, कुरळे केस. पुढच्या गोळ्या, तपासणीच्या तारखा, सगळं कागदावर लिहून मिळालं होतं आणि आईला तोंडीही समजावलं होतं. दोन तारखा पाळल्या गेल्या. तिसरी तारीख ऐन पेरणीत आली. चुकाऱ्याचे राहिलेले पैसे हाती आले नव्हते, बियाणं उधारीवर होतं. अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरीकडे बघून वडील म्हणाले, ‘‘पोर बरी व्हयनी. आते औषध कसाले?’’ आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मी तोवर दहावीला होतो, कागदावरचं मला वाचता येत होतं.

दिवाळीच्या आधी तिला पुन्हा ताप भरला. ती पुढच्या जानेवारीत गेली.

वैद्यकीय नियतकालिकांत अशा कुटुंबांसाठी एक शब्द आहे. मराठीत त्याचं भाषांतर ‘उपचार सोडून देणं’ असं होईल. तो प्रथम वाचला तेव्हा मला राग आला. वडिलांनी सोडून दिलं नव्हतं. ते दीड वर्ष धरून होते, आणि त्यांच्या हाताखालून एकेक गोष्ट निसटत गेली. तरी आकडे नाकारता येत नाहीत. २००९ साली टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या मुलांपैकी साधारण पाचात एकाचे उपचार असेच अर्धवट राहत. डॉ. पूर्णा कुरकुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैसा, निवास, आहार आणि तारीख चुकली की येणारा फोन या चारही गोष्टी एकत्र बांधल्या, तेव्हा पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. औषधं फारशी बदलली नव्हती.

रेल्वेत आज कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत आली. त्यांत धुळे होतं, जळगाव नव्हतं. आम्हाला नोव्हेंबर २०१३ उजाडला. एकाच खानदेशातल्या दोन आजारी मुलांमध्ये तेवढे सोळा महिने केवळ जिल्ह्याची हद्द उभी होती. याची नोंद कोणी केलेली मला आढळली नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

गेल्या वर्षी मी कॉटन ग्रीनला गेलो. खानदेशच्या गाठी जिथे उतरत, त्या गोदामांच्या परिसरात आता पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत. २००६ साली या संस्थेने आठ कुटुंबांपासून सुरुवात केली. प्रत्येक कुटुंबाला एक खोली, सामाईक स्वयंपाकघर, वर धान्य. खाली फाटकापाशी एक बाई फोनवर बोलत होती. ‘‘शेंगदाणा निंघना का? तू जेवनास का?’’ म्हणजे तिकडे, आमच्याच बाजूच्या कुठल्या तरी गावात, एक पोरगं आजीपाशी होतं. तिच्या कडेवरच्या मुलाच्या तोंडाला हिरवा मास्क होता आणि डोक्यावर केस नव्हते. मी तिला गाव विचारलं नाही.

वहीच्या उलट्या बाजूला शेवटच्या पानावर तिसरी तारीख लिहिलेली आहे: जुलै १९८७. तिच्याखाली वडिलांनी गाडीभाड्याची बेरीज करून ठेवली होती, दोघांची, जाऊन-येऊन. बेरजेपुढे खूण नाही. वहीच्या कप्प्यात औषधाची एक चपटी पाकिटवजा पुडी होती, त्यात सात गोळ्या, अजून पिवळ्या.